घंगाळातलं खारं पाणी

रविवार, १२ जानेवारी १९९७
वरसे, रोहा

बाबा, आज मी गावाहून आयचा पाटा-वरवंटा आणला. सकाळी सातच्या एसटीनं निघाले, वडखळला उतरले, तिथून टमटमनं गावात. घर उघडलं, झाडलं, पाटा धुतला, गोणपाटात बांधला. परतताना कंडक्टरनं पिशवी सरकवायला हात घातला आणि म्हणाला, "बाई, काय सोनं भरलंय काय?" मी म्हटलं, दगड आहे. "मग जपून न्या," म्हणाला. चार वाजता घरी पोचले. आयनं पाटा आधी न्हाणीशेजारी ठेवायला लावला, मग ओट्याखाली, मग पुन्हा न्हाणीशेजारी. आता ती शेजारी टीव्ही बघायला गेली आहे. काचपेटीतलं पाणी सव्वीस डिग्री आहे. मासा जेवला.

दिवसाची हकीकत एवढीच. पण आज मला फार बरं वाटतं आहे आणि ते कोणाला तरी सांगावंसं वाटतं. ऑफिसात सांगितलं तर हसतील. तू असतास तर तूही आधी हसला असतास, पण नंतर सगळं नीट विचारलं असतंस, पाणी किती, कुठलं, उन्हात की सावलीत. म्हणून तुला लिहिते.

तू गेलास त्याच वर्षी मला इथल्या कंपनीत लॅबमध्ये नोकरी लागली. तेव्हापासून मी रोह्यात आणि आय गावी, एकटी. चौदा वर्षं मी तिला ये म्हणत होते आणि ती "पावसानंतर बघू" म्हणत होती. गेल्या पावसाळ्यात उधाणाला बांध फुटला. खाडीचं पाणी शेतात आलं, मग अंगणात, मग घरात गुडघाभर. मी गेले आणि तिला घेऊन आले. सोबत तिनं एक बोचकं आणि तिच्या लग्नातलं तांब्याचं घंगाळ एवढंच घेतलं. बोचकं तिनं सोडलं नाही. दाराजवळच्या खुंटीला टांगलं आणि रोज त्यातूनच एक लुगडं काढायचं, धुतलेलं परत त्यातच ठेवायचं. दिवसभर ती पायरीवर बसून असे. बोलणं नाही, जेवण पोरासारखं दोन घास. मी ड्युटीवरून आले की विचारायची, "पानी उतरलं असंल ना गो आता?" घर राहण्यासारखं उरलेलं नव्हतं आणि ती पासष्टीची. ती परत गेली तर पुढच्या उधाणाला तिथं तिच्याजवळ कोण असणार, हा एकच विचार माझ्या डोक्यात असायचा. पण आयला अडवून ठेवणं मला कधी जमलेलं नाही. तुला तरी कुठं जमत होतं.

नोव्हेंबरात आमच्या लॅबच्या साहेबांची बदली झाली. त्यांच्याकडे खाऱ्या पाण्याची एक अगदी लहान काचपेटी होती, कळशीभर पाण्याची. दीड वीत लांब, वीतभर रुंद. आत दोन मासे, बोटाच्या दोन पेरांएवढे, नारिंगी, अंगावर पांढरे पट्टे. लांबच्या गरम समुद्रातले. साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही मिठागराकडच्या. खारं पाणी तुम्हालाच कळेल. पण लक्षात ठेवा, पेटी जितकी लहान तितकी सांभाळायला अवघड." शेवटचं वाक्य मी कानाआड केलं. पहिल्या वाक्यानं मला आनंद झाला होता. साहेबांनी सोबत समुद्राच्या पाण्याचे दोन कॅन आणि हवेचे बुडबुडे सोडणारा विजेचा छोटा पंपही दिला.

आयनं पेटी पाहिली आणि विचारलं, "हे खायचं का बघायचं?"

"बघायचं."

"बघायचंच. यवऱ्याशा दोघांत कालवन तरी कुठं व्हतंय." पण ती पायरीवरून उठून आत येऊन बसली. दोन दिवसांनी तिनं त्यांना नवरा-नवरी म्हणायला सुरुवात केली, हळद लागल्यासारखे दिसतात म्हणून. मी घरी आले की ती आता खाडीच्या पाण्याचं विचारत नसे. "नवरा आज रुसलाय. दगडामागनं भायेर येत नाय," असं सांगायची. पाच महिन्यांत तिच्या तोंडून मी इतकी वाक्यं ऐकली नव्हती.

मग डिसेंबर लागला. आपल्याकडची थंडी ती काय, पण पहाटे हे पाणी वीस डिग्रीपर्यंत उतरायला लागलं आणि मासे तळाला कडेला पडून राहायला लागले. मी हीटर आणला. काचेच्या नळीतला, आपोआप बंद होणारा. दुकानातला सगळ्यात लहान, तरी या पेटीला तो मोठाच. दहा मिनिटांत पाणी गरम, बंद झाला की तासाभरात गार. एकदा तो बंद व्हायचाच विसरला आणि पारा बत्तिसावर गेला. मी काढून घेतला, चाळीसचा दिवा लावून पाहिला, पुन्हा हीटर लावला. प्लांटवरचा एक ऑपरेटर रोज विचारायचा, "मॅडम, मासा शिजला काय?" आणि एकदा म्हणाला, "मीठ-मसाला लावून ठेवा, टिकंल चांगला." हे वाक्य मला पुढं फार दिवस टोचलं. का ते सांगते.

गरम पाणी वाफ होऊन उडतं. एवढ्याशा पेटीत रोज बोटभर पाणी कमी व्हायचं. मी रोज सकाळी ते कॅनमधल्या समुद्राच्या पाण्यानं भरून काढत होते. एकदाही मनात शंका आली नाही. हात आपोआप कॅनकडे जात होता, आणि तो का जात होता हे तुला माझ्याइतकंच ठाऊक आहे.

मी सात वर्षांची असेन. तू लांबच्या बांधावर आहेस, मी मिठागरातल्या झोपडीजवळच्या, मीठ पिकायच्या कुंडाशी. ऊन इतकं की कुंडातलं पाणी डोळ्यांसमोर खाली जातं आहे. मला वाटतं, कुंड तहानलंय. मी झोपडीतली कळशी उचलते आणि कुंडात ओतते. आयनं दोन मैलांवरून डोक्यावरून आणलेलं प्यायचं पाणी. तू धावत आलास. मारलं नाहीस. कळशी हातातून घेतलीस, आत बघितलंस आणि म्हणालास, "मीठ पलवलंस बाय. पानी कमी झालं तं खाडीचं घालायचं. गोडं पानी मानसासाठी." आणि ऊन उतरेपर्यंत मला बांधावर बसवून ठेवलंस. तूही पाणी प्यायला नाहीस त्या दिवशी, कारण नव्हतंच.

ते वाक्य माझ्या हातात भिनलं. पुढं मी बीएस्सी झाले, चौदा वर्षं रोज लॅबमध्ये क्षार मोजले, आणि घरी येऊन काचेच्या पेटीत खाली आच, वर खाडीचं पाणी, रोज बोटभर. पाणी उडतं, मीठ मागं राहतं, त्यावर आणखी खारं पाणी. बाबा, मी मासे पाळत नव्हते. मी मीठ पिकवत होते.

हीटर लावल्यापासून बाराव्या दिवशी सकाळी नवरा मेलेला सापडला. आय त्याच्याकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, "थंडीनं नेला." थोड्या वेळानं, "पौषातली थंडी मानसाला नेते, तिथं माशाचं काय." तुझ्याबद्दल बोलत होती. तू उघडीपाशी, खाडीचं पाणी आत घ्यायच्या बांधातल्या दारापाशी, पहाटेच्या गार पाण्यात दोन तास उभा राहिलास, छातीत कफ भरला आणि चौथ्या दिवशी पेणच्या दवाखान्यात प्राण सोडलास, हे तिनं मला इतक्या वर्षांत फक्त दोनदा सांगितलं आहे. तिनं खुंटीवरचं बोचकं काढून दारात ठेवलं. म्हणाली, "ही नवरीबी आता जाईल. मला नाय बघवत. आयतवारी मला गाडीत बसवून दे."

माझ्याकडे रविवारपर्यंतचे चार दिवस होते.

त्या दिवशी कामावरून आल्यावर मी ट्रंक उघडली आणि तू दिलेली काचेची नळी काढली. माझा बीएस्सीचा निकाल लागला त्या दिवशी तू ती मालकाकडून मागून आणली होतीस, धोतराच्या फडक्यात गुंडाळून. मिठागराचं पाणी किती खारं झालं ते दाखवणारी. मालक ती पाण्यात सोडून आकडा बघायचा. तू बोट बुडवून जिभेला लावायचास, आणि तुझा आकडा चुकलेला मी पाहिला नाही. देताना म्हणालास, "मला हिचा काय उपेग नाय. तुला जिभेवर इस्वास नसंल तवा बघ." लॅबमध्ये याहून चांगल्या नळ्या आहेत. पण मी हीच घेतली. पेटीतलं पाणी उंच भांड्यात काढलं आणि नळी सोडली. समुद्राला साडेतीन असायला हवं. नळी पाचावर थांबली.

मग बोट बुडवून चाखलं. जिभेलाही कळत होतं. एका दिवसात खाली आणलं असतं तर उरलेलाही मासा गेला असता, म्हणून तीन दिवस सकाळ-संध्याकाळ थोडं खारं पाणी काढत आणि तेवढंच उकळून गार केलेलं गोडं पाणी घालत गेले. पहिल्यांदा घालताना माझा हात अडला. खरंच अडला. मी मागं वळून पाहिलं. शनिवारी संध्याकाळी नळी साडेतीनवर आली.

उरला प्रश्न आचेचा. हीटर बाहेर काढला तर पहाटेची थंडी, आत ठेवला तर कधी उकाडा कधी गारठा. त्याच संध्याकाळी स्टोव्हशी भात टाकताना मला झोपडीतली चूल आठवली. मी आजारी आहे, अंगात ताप, आय माहेरी गेलेली. तुला दुपारपर्यंत मीठ ओढायचं आहे आणि दुपारी मला गरम पेज मिळायला हवी आहे. तू लहान टोपात पेज काढतोस आणि तो टोप मोठ्या टोपातल्या गरम पाण्यात ठेवतोस, खाली नुसते निखारे. मी विचारते, पेजच का नाही ठेवत चुलीवर. तू म्हणतोस, "थेट आगीवर ठेवली तं खाली करपते नि वरनं गारच. तिच्या भोवतालचं पानी तापव. पेज आपोआप ऱ्हाते." तुझे हात मिठानं चिरलेले, टोप उचलताना तू बोटं आखडून घेतोस. दुपारी पेज अगदी पिण्याजोगी होती.

आमच्या कंपनीत मोठमोठ्या भांड्यांना बाहेरून दुसरं कवच असतं, त्यात गरम पाणी फिरतं, आतल्या मालाला आच लागत नाही. मी त्यांच्यासमोरून रोज जाते. तरी मला आठवली ती पेज.

मी आयचं घंगाळ मागितलं. तिनं विचारलं, "कशाला?" सांगितल्यावर म्हणाली, "माझ्या लग्नातल्या घंगालात मासा?" पण दिलं. तळाला कौलाचे दोन तुकडे, त्यावर पेटी, भोवती साधं पाणी पेटीच्या पाऊण उंचीपर्यंत, आणि हीटर त्या बाहेरच्या पाण्यात. खारं पाणी तांब्याला लागू द्यायचं नाही, माशाला ते विष. घंगाळाला बाहेरून गोणपाट, पेटीवर काचेचं झाकण. घंगाळात तीन कळशा पाणी, ते सावकाश तापतं आणि सावकाश निवतं. हीटर चालू-बंद होत राहिला, आतल्या पाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता. रविवारी सकाळी बाहेर कुडकुडत होतं आणि आत सव्वीस. नवरी दगडाभोवती फिरत होती.

आय वाकून बघत राहिली. बोचकं दारातच होतं. म्हणाली, "आजची गाडी ऱ्हाऊ दे. दोन दिस बघते." तिला आकडे वाचता येत नाहीत, म्हणून मी माझी एक लाल टिकली थर्मामीटरवर सव्वीसच्या जागी चिकटवली. पारा टिकलीला हवा. खाली गेला तर बाहेरच्या पाण्यात गरम पाणी घालायचं, आत कधीच नाही. हात घालायच्या आधी बटण बंद. तिनं सगळं एकदा म्हणून दाखवलं, कविता म्हणावी तसं. दोन दिवसांचे चार झाले, मग आठ. बोचकं दारातून हललं नाही, आत नाही नि बाहेर नाही.

आता खरी गोष्ट. गेल्या मंगळवारी मला कामासाठी मुंबईला जावं लागलं. येताना पेणच्या अलीकडे टँकर आडवा झालेला, गाड्यांची रांग. पेणला पोचेपर्यंत रोह्याची शेवटची एसटी गेलेली. मी पेणमध्येच रामवाडीत आत्याकडे गेले. तिथं कळलं की रोह्याकडे दुपारपासून लाईट नाही, तार तुटली आहे, उद्याशिवाय येत नाही. मी जेवले नाही. आत्या म्हणाली, "तोंड का उतरलंय?" मी सांगितलं. ती म्हणाली, "माशासाठी? अगो, बापूस गेला तवा तुझ्या डोल्यात मी पानी बघितलं नाय, नि आता माशासाठी?" तिनं रागानं म्हटलं नव्हतं. ते खरं होतं.

सकाळच्या पहिल्या गाडीनं निघाले. खिडक्यांच्या झडपा लावूनही गार वारा पायाशी येत होता, आणि मी मनात हिशेब घालत होते, तीन कळशा पाणी, लाईट नाही, पेटीतली हवा बंद, चौदा-पंधरा तास. नागोठण्यापर्यंत मी त्या माशाला मारून टाकलं होतं. त्याच्यापुढं आयला एसटीत बसवूनही दिलं होतं.

दार उघडं होतं. घरभर रॉकेलचा वास. स्टोव्ह घंगाळाशेजारी, त्यावर पातेल्यात पाणी. आय भिंतीला टेकून बसलेली, तिचं पांघरूण घंगाळाभोवती गुंडाळलेलं, आणि ती स्वतः नुसत्या लुगड्यावर. एका हातात काचेची वाटी. मी चपला न काढता वाकून पाहिलं. पारा टिकलीवर होता. अगदी टिकलीवर. नवरी वर आली, तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा दगडामागं गेली.

"तुझी टिकली सोडली नाय मी," आय म्हणाली. "कोपर बुडवून बघत व्हते. तुला न्हाऊ घालताना बघायचे तसं. नि बुडबुडे बंद झाले तवा वाटीनं पानी उचलून सोडत बसले. जीव कोंडला असता तिचा."

"रात्रभर?"

"मग काय झोपू? आत एक थेंब घातला नाय. भायेरच घातलं. तुझ्या बापसाची पेज ठेवायची रीतच ती." ती उठताना गुडघ्यावर हात ठेवून थांबली. "या खेपेला नाय नेऊ दिली थंडीला."

मी चहा केला. ती बशीत ओतून पीत होती आणि पेटीकडे बघत होती. मी ऑफिसला उशीर झाला म्हणून केस विंचरत होते. तेव्हा ती म्हणाली, "आयतवारी गावाला जाशील?"

माझा हात थांबला. मी विचारलं, कशाला.

"माझा पाटा घेऊन ये. तुझ्या मिक्सरातलं वाटन मला नाय गिलत." आणि तिनं दारातलं बोचकं उचललं, आत नेलं, आणि सोडायला घेतलं. त्यात सहा लुगडी निघाली, तुझी चांदीची करदोड्याची कडी, आणि मूठभर आपल्या आगराचं मीठ कागदात बांधलेलं. लुगडी तिनं माझ्या कपाटात, माझ्या साड्यांच्या वर ठेवली. जागा पुरेना तर माझ्या दोन खाली काढल्या. मी त्या दिवशी पाऊण तास उशिरा गेले. ऑपरेटरनं विचारलं, "मॅडम, मासा?" मी म्हटलं, "सव्वीस डिग्री. रात्रभर लाईट नव्हती." तो दुपारी येऊन घंगाळाचं माप विचारून गेला.

बाबा, साहेब म्हणाले होते ते खरं ठरलं, मला खारं पाणी कळलं. उशिरा कळलं, पण कळलं. तुझी पेज आणि आयचं घंगाळ, त्यात माझं शिक्षण असलंच तर टिकलीएवढं. आज एसटीत तो पाटा मांडीवर घेऊन बसले होते आणि पाय बधिर झाले तरी खाली ठेवला नाही.

एक राहिलं. आयला अजून वाटतं की नवरा थंडीनं गेला. मी तिला मिठाचं सांगितलेलं नाही. आधी सांगायची हिंमत झाली नाही, आणि आता ती थंडीला हरवून बसली आहे, ते तिच्याकडून काढून घ्यावंसं वाटत नाही. तुला मात्र सांगायला हवं होतं. हा कागद मी तुझ्या नळीच्या फडक्यातच ठेवते.

शेजारच्या टीव्हीचा आवाज येतो आहे, आय अजून आलेली नाही. पेटीवरच्या खुणेपासून पाणी अर्धं बोट खाली गेलं आहे. मी माठातलं कपभर गोडं पाणी घेतलं, झाकण सरकवलं, आणि सावकाश ओतलं.